इंधन घरी ठेवून निघालेलं यान

‘लेसरने तीन दिवसांत मंगळ!’ हा मथळा २०१६ साली गाजला आणि अजूनही अधूनमधून फॉरवर्ड होऊन येतो. त्यामागची आकडेमोड कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फिलिप ल्युबिन या भौतिकशास्त्रज्ञाची. पण तीन दिवसांचा हिशोब शंभर किलोच्या यानाचा आहे, माणसांचा नव्हे. शिवाय मंगळापाशी थांबायचं कसं, हे मथळा सांगत नाही. तिकडून ढकलणारा लेसर नाही, म्हणजे ब्रेकही नाही.

कल्पना सोपी आहे. यानाला आरशासारखं पातळ शीड लावायचं आणि त्यावर इथून लेसर रोखायचा. प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शिडावर आपटून उलटा फिरला, की स्वतःच्या संवेगाच्या दुप्पट संवेग शिडाला देतो. धक्का मात्र चिमूटभर. एक गिगावॅटचा, म्हणजे मोठ्या अणुभट्टीच्या विजेइतका लेसर पूर्ण परावर्तित झाला तरी बल भरतं ६.७ न्यूटन. तळहातावर पाऊण किलोही ठेवल्यासारखं वाटणार नाही! जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये १४ मीटर बाजूच्या शिडावर सूर्यप्रकाश झेलला, तेव्हा बल होतं न्यूटनचा साधारण हजारावा भाग. (हा धक्का सौरवाऱ्याचा, असं बरेचजण समजतात. सौरवाऱ्याचा दाब प्रकाशाच्या दाबापुढे किरकोळ असतो.)

मला खरी मजा वाटते ती पुढच्या प्रश्नात. फोटॉन आला आणि परत गेला, मग यानाची गतिज ऊर्जा आली कुठून? बॅट मागे घेत चेंडू खेळला की तो मेल्यासारखा परततो. मागे सरकणाऱ्या शिडावरून परतताना फोटॉनचीही ऊर्जा अशीच कमी होते, पण त्याला वेग कमी करता येत नाही, म्हणून तो रंग बदलतो. यान स्थिर असताना तो जवळपास सगळी ऊर्जा परत घेऊन जातो, म्हणजे सुरुवातीला लेसर जवळजवळ वायाच. यान प्रकाशवेगाच्या २० टक्क्यांवर पोचलं की परतणाऱ्या फोटॉनची वारंवारता, आणि तिच्याबरोबर ऊर्जाही, ०.८ भागिले १.२, म्हणजे दोन-तृतीयांश उरते. १.०६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश १.६ चा होऊन परततो आणि एक-तृतीयांश ऊर्जा यानाच्या खिशात पडते. वेग जितका जास्त, तितका प्रत्येक फोटॉन अधिक वसूल!

२०१६ मध्येच अब्जाधीश युरी मिल्नर आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी जाहीर केलेला, ताऱ्याकडे यान पाठवण्याचा ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ प्रकल्प याच वेगासाठी होता: काही ग्रॅमचं यान, १०० गिगावॅटचा लेसर. दोन ग्रॅम धरले तर सुरुवातीचं त्वरण गुरुत्वाच्या ३४,००० पट भरतं आणि सेकंदाला ६०,००० किलोमीटरचा वेग तीन-चार मिनिटांत येतो. तोवर यान पन्नास लाख किलोमीटरच्याही पुढे गेलेलं. एक किलोमीटर रुंदीची लेसरांची रांग असली तरी तिथे झोत पाच-सहा मीटर पसरतो, आणि शीड तेवढंच. त्यात शिडाने लाखातला एक भाग प्रकाश शोषला तरी एक मेगावॅट उष्णता. ती बाहेर टाकायला हवा नाही, फक्त उत्सर्जन.

हे सगळं जमलंच, तर सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे २१ वर्षांवर. तिथेही ब्रेक नाहीच. पृथ्वी ते चंद्र एवढं अंतर यान साडेसहा सेकंदांत कापेल. जवळच्या ग्रहाचा फोटो काढायचा तो त्याच घाईत, आणि तो इथे पोचायला आणखी सव्वाचार वर्षं.