पीएफ वेगळा, पेन्शन वेगळी

आमच्या टाईम ऑफिसच्या खिडकीशी परवा एक वेल्डर मोबाईल पुढे धरून उभा राहिला. "साहेब, बघा. जुन्या कंपनीचा पीएफ इकडे आला, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. माझे पेन्शनचे पैसे त्यांनी खाल्ले."

खाल्ले नव्हते. पण दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी हेच घेऊन येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पगारपत्रकावर पीएफची कपात एकाच ओळीत दिसते. प्रत्यक्षात पैसा दोन ठिकाणी जातो. मूळ पगार अधिक महागाई भत्ता 15,000 रुपये धरा. तुमचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये सगळेच्या सगळे पीएफमध्ये. कंपनीही 1,800 भरते, पण त्यातले पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, पेन्शन योजनेत वळतात आणि उरलेले 550 पीएफमध्ये. पगार 40,000 असला तरी पेन्शनकडे जाणारी रक्कम सहसा 1,250 च, कारण तिथे 15,000 ची मर्यादा आहे. ही मर्यादा सप्टेंबर 2014 पासूनची. त्याआधी ती 6,500 होती. सरकारही पेन्शन योजनेत 1.16 टक्के घालतं, ते पासबुकात दिसत नाही.

पीएफ म्हणजे तुमच्या नावाची पेटी. पैसा तुमचा, व्याज तुमचं (2024-25 साठी 8.25 टक्के), अडीअडचणीला नियमात बसेल तेवढं उचलता येतं, निवृत्तीला सगळं एकरकमी हातात.

पेन्शन म्हणजेच ईपीएस, एम्प्लॉइज पेन्शन स्कीम. नोव्हेंबर 1995 पासून चालू आहे, म्हणून लोक तिला ईपीएस 95 म्हणतात. इथे तुमच्या नावाची पेटीच नाही. सगळ्यांचा पैसा एका मोठ्या निधीत जातो, त्यावर तुमच्या खात्यात व्याज चढत नाही. तुमच्या नावावर मोजली जातात ती वर्षं. हिशेब असा: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार (मर्यादेइतकाच) गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70.

त्या शून्याचं कारण इथेच आहे. कंपनी बदलून खातं ट्रान्सफर केलं की पीएफचा पैसा नव्या खात्यात येतो. पेन्शनचा पैसा हलतच नाही, तो आधीपासून त्या एकाच निधीत असतो. हलते ती सेवा, म्हणजे नोकरीची वर्षं. तेव्हा पासबुकातलं शून्य सोडा आणि यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. जुन्या कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे का, ते पाहा. सोडल्याची तारीख कोरी राहिलेली असते, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी तेच तपासतो.

आता दोन्हींची फळं शेजारी ठेवू. पगार 15,000 वरच अडकला, 30 वर्षं नोकरी झाली आणि व्याज सरासरी 8 टक्के धरलं, तर पीएफमध्ये मधे हात न घालता साधारण 33 लाख जमतात. पेन्शनकडे तेवढ्या काळात साडेचार लाख जातात. 20 वर्षं पूर्ण झाली आणि 58 ला निवृत्त झालात की सेवेत 2 वर्षं जादा धरतात, म्हणजे 32. 15,000 गुणिले 32 भागिले 70: महिना 6,857 रुपये. हेच 1,250 दरमहा पीएफमध्ये टाकले असते तर साडेसतरा लाखांच्या आसपास झाले असते. वर्षाची पेन्शन त्या रकमेच्या पावणेपाच टक्के भरते, म्हणजे बँकेतल्या एफडीपेक्षाही कमी. त्यावर महागाई भत्ता नाही, आणि मुद्दल तर कधीच परत नाही. 58 ला 6,857, तर 75 लाही बहुधा तेवढेच. नुसत्या आकड्यांवर निकाल लावायचा तर पेन्शन हरली.

पण एका बाबतीत पीएफ तिच्या जवळ येत नाही. एरवी पेन्शनला किमान दहा वर्षं नोकरी लागते, पण कामगार नोकरीत असताना गेला तर ती अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बायकोला पेन्शन सुरू होते, शिवाय दोन मुलांना 25 वर्षांपर्यंत. पीएफची रक्कम तेराव्यानंतर नातेवाइकांच्या सल्ल्यांत कुठे जाते, हे मी पाहिलं आहे. पेन्शन दर महिन्याला येते, ती कुणाला उसनी देता येत नाही. म्हणून मी तिला गुंतवणूक समजत नाही, विम्यासारखं बघतो.

किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर थांबली आहे. ती 7,500 करावी आणि वर महागाई भत्ता द्यावा, म्हणून बुलढाण्यातून पेन्शनरांचं आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे. आणि मागणी वाजवी आहे.

गोंधळ महागात पडतो तो नोकरी सोडताना. एजंट सांगतो, पीएफसाठी फॉर्म 19 आणि पेन्शनसाठी फॉर्म 10 सी, दोन्ही भरून टाका. फॉर्म 19 ने पेटी रिकामी होते, ती पुन्हा भरता येते. 10 सी ने पैसे उचलले की ती वर्षंच पुसली जातात, पुढच्या नोकरीत मोजणी पहिल्यापासून. आणि पेन्शनला किमान 10 वर्षं लागतात (साडेनऊ झाली तरी 10 धरतात). त्याच 10 सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेटही मागता येतं, त्याने वर्षं जपून राहतात. हा पर्याय एजंट सांगत नाही. त्याचं कमिशन उचललेल्या रकमेवर असतं.

पन्नाशीनंतर नोकरी सोडली असेल तर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जेवढी वर्षं कमी तेवढे वर्षाला 4 टक्के कापले जातात. ज्यांना घाई नाही त्यांनी थांबावं. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि पगार 15,000 च्या वर असलेल्यांना ही योजना लागूच नाही. त्यांचे कंपनीकडचे 12 टक्केही पूर्ण पीएफमध्ये जायला हवेत. तिथे 1,250 वळत असतील तर एचआरला विचारा.

वेल्डरचा हिशेब मी कागदावर मांडला. पहिल्या कंपनीत 6 वर्षं, पण सोडताना 10 सी भरून चाळीस-एक हजार उचलले होते, त्याची सेकंडहँड मोटारसायकल घेतली होती. ती वर्षं गेली. दुसऱ्या कंपनीची 5 वर्षं 2 महिने ट्रान्सफर होऊन आलेली, आमच्याकडची 3 वर्षं 2 महिने. एकूण 8 वर्षं 4 महिने.

"म्हणजे साडेनऊला?"

"चौदा महिने कमी."

वय 52. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "मुलीच्या लग्नाला पीएफमधून ॲडव्हान्स मिळतो ना? तो फॉर्म द्या."

"गाडी आहे का अजून?" मी विचारलं.

"कधीच विकली," तो म्हणाला.