दाताचा टवका उडतो तेव्हा नेमकं काय उघडं पडतं?

सीझन बॉल तोंडावर आला किंवा सायकलवरून पडल्यावर तोंड आपटलं, की बहुतेक वेळा वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा उडतो. रक्त येत नाही, थंड पाणी लागलं की कळ येते आणि दोन-चार दिवसांत तीही जाणवेनाशी होते. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "दुखत नाही ना? मग परीक्षा झाली की दाखवू." दात म्हणजे दगडासारखी भरीव वस्तू आहे आणि थोडा तुकडा गेला तर फक्त दिसायला वाईट दिसतं, या समजुतीतून हे वाक्य येतं. ती समजूत चुकीची आहे. का चुकीची आहे, हे कळण्यासाठी दाताच्या दुसऱ्या थरात डोकवावं लागेल.

पहिला थर एनॅमलचा. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आणि चावायच्या कडेशी साधारण दोन मिलिमीटर जाड. तो बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नष्ट होतात, त्यामुळे उडालेलं एनॅमल पुन्हा कधीच उगवत नाही. एनॅमल 'पुन्हा बांधणाऱ्या' टूथपेस्टच्या जाहिराती इथे दिशाभूल करतात. फ्लोराइडमुळे नुकत्याच मऊ पडू लागलेल्या पृष्ठभागात खनिज परत बसतं, हे खरं आहे. पण ती गोष्ट सूक्ष्मदर्शकाखालची. तुटलेला कोपरा कोणतीही पेस्ट भरून काढत नाही.

एनॅमलच्या आतला थर डेंटीनचा. त्यात ७० टक्के खनिज, सुमारे २० टक्के सेंद्रिय पदार्थ (मुख्यतः कोलॅजन) आणि १० टक्के पाणी असतं. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्यातल्या नळ्या. दाताच्या गाभ्यातल्या जिवंत मगजापासून, म्हणजे पल्पपासून, थेट एनॅमलच्या हद्दीपर्यंत त्या गेलेल्या असतात. एनॅमलजवळ दर चौरस मिलिमीटरला १५ ते २० हजार नळ्या, तर पल्पजवळ ४५ हजारांच्याही वर. बाहेरच्या टोकाला नळीचा व्यास एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतबाहेर, पल्पजवळ अडीच मायक्रॉन. आता हिशेब करा. तुटलेल्या जागी तीन बाय दोन मिलिमीटर डेंटीन उघडं पडलं आणि तिथे नळ्यांची दाटी मधली, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३० हजार धरली, तर एका छोट्याशा टवक्यामुळे १ लाख ८० हजार तोंडं उघडी पडतात. तोंडातले पुष्कळ जिवाणू अर्धा ते एक मायक्रॉन आकाराचे असतात.

या नळ्या रिकाम्या नसतात, त्यांत द्रव असतो. थंड पाणी लागलं की दात का सळसळतो याचं उत्तर या द्रवात आहे. वेदनेचे मज्जातंतू नळ्यांच्या बाहेरच्या टोकापर्यंत पोचलेले नसतात. ते पल्पमधून नळीत मिलिमीटरचा फार तर एक-दोन दशांश भाग शिरतात. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं की हलतो तो द्रव. थंडीने तो आकसतो आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. वाऱ्याच्या झोताने टोकाकडचा द्रव सुकतो आणि त्याची जागा घ्यायला आतला द्रव ओढला जातो. साखरेचा घट्ट पाक परासरणाने तेच करतो. नळीच्या आतल्या टोकाशी बसलेल्या तंतूंना हा ओढा जाणवतो आणि क्षणात तीक्ष्ण कळ उठते. यातली सुंदर गोष्ट अशी, की उघड्या डेंटीनवर वेदना निर्माण करणारी रसायनं ठेवली तरी बहुधा दुखत नाही आणि बधिरतेचं औषध लावलं तरी कळ थांबत नाही. कारण औषध तंतूंपर्यंत पोचतच नाही, हालचाल मात्र पोचते.

हाच द्रव दाताचं संरक्षणही करतो. पल्पमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने द्रव हळूहळू बाहेर झिरपत राहतो आणि आत शिरू पाहणाऱ्या जिवाणूंना विरोध करतो. पण जिवाणूंची विषारी द्रव्यं त्यांच्या पुढे आत पोचतात. शिवाय डॉक्टरांनी ड्रिलने कापलेल्या डेंटीनवर भुग्याचा पातळ लेप बसून नळ्यांची तोंडं निम्मीशिम्मी बुजलेली असतात. आघाताने तुटलेल्या पृष्ठभागावर असा लेप नसतो, नळ्या सताड उघड्या असतात. त्यात आघाताने दात हलला असेल आणि मुळाच्या टोकाशी रक्तवाहिन्या तुटल्या असतील, तर पल्पचा दाब जातो, झिरपणं थांबतं आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. म्हणून कोपरा किती उडाला याइतकंच दात हलतो का, हे तपासणं महत्त्वाचं.

आणि आता त्या 'दुखत नाही ना'कडे. कळ थांबण्याची दोन कारणं असतात. एक चांगलं: नळ्यांची तोंडं लाळेतल्या खनिजांनी बुजतात आणि पल्प आतून नवं डेंटीन घालून भिंत जाड करतो. पण हे काम दिवसाला एक-दोन मायक्रॉन एवढ्या गतीने चालतं. अर्धा मिलिमीटर जाडी यायला वर्षाच्या आसपास काळ लागतो. दुसरं कारण वाईट: पल्प मरतो. तो चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला, रक्तपुरवठा मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून, त्यामुळे सूज पसरायला जागाच नसते. मेलेला पल्प दुखत नाही. बाहेरून पाहता या दोन शांतता हुबेहूब सारख्या असतात.

या सगळ्यात खरा शत्रू कोण, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवर दाखवलं. त्यांनी दाढांना छिद्र पाडून पल्प तोंडात उघडा सोडला. साध्या उंदरांचे पल्प सडले. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत मात्र अन्न अडकूनही पल्प जिवंत राहिला आणि जखमेवर डेंटीनचा पूल बांधला गेला. म्हणजे पल्पला आघात सोसतो, जिवाणू सोसत नाहीत. तुटलेला दात लवकर दाखवण्यामागचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे: जिवाणू आत जाण्याआधी दार बंद करायचं.

मग किती लवकर? फक्त एनॅमल उडालं असेल, म्हणजे तुटलेली जागा पांढरीच दिसत असेल, तर काही दिवस थांबता येतं. टोकदार कड जिभेला किंवा ओठाला कापू नये एवढं पाहायचं. आत पिवळसर भाग दिसला तर ते डेंटीन. शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत दाखवावं. मधोमध गुलाबी ठिपका किंवा रक्ताचा थेंब दिसला तर पल्प उघडा आहे, त्याच दिवशी जा. डेंटीन झाकलं गेलं नाही तर किडीचाही धोका वाढतो. एनॅमल साधारण ५.५ सामूला (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) विरघळू लागतं, डेंटीन ६.२ ते ६.७ लाच. एनॅमलला न बाधणारं सौम्य आम्लही उघड्या डेंटीनला बाधतं.

उशीर झालेल्यांनीही आशा सोडू नये. स्वीडनच्या मिओमिर चेक यांनी १९७८ मध्ये पल्प उघडा पडलेल्या ६० दातांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष छापले. पल्पचा वरचा फक्त दोन मिलिमीटर भाग काढून त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलं, आणि ९६ टक्के दात बरे झाले. त्यांतल्या काही जखमा अनेक दिवस जुन्या होत्या. म्हणून उघड्या पल्पला सरसकट रूट कॅनाल हे उत्तर नाही, विशेषतः मुलांत. वरचा पटाशीचा दात सात-आठ वर्षांच्या वयात येतो, पण त्याचं मूळ पुढे सुमारे तीन वर्षं वाढत असतं. मध्येच पल्प मेला तर मुळाच्या भिंती पातळच राहतात आणि असा दात पुढे हिरडीजवळ तुटतो.

पडल्यावर लगेच काय करायचं? बेशुद्धी, उलट्या किंवा जबड्याला मार असेल तर आधी रुग्णालय. नाहीतर चूळ भरा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. तुटलेला तुकडा शोधून दुधात किंवा पाण्यात ठेवा. तो सुकला की रंग बदलतो आणि नीट चिकटत नाही. डॉक्टरही चिकटवण्याआधी तो सुमारे २० मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवतात. तुकडा सापडला नाही आणि ओठ फाटला असेल तर तो ओठात रुतलेला असू शकतो, त्यासाठी ओठाचा एक्स-रे काढावा लागतो. सतत खोकला येत असेल तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता तपासावी लागते. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. तुकडा घरच्या गोंदाने चिकटवू नका.

दवाखान्यात दार बंद करण्याची पद्धत अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांच्या १९५५ सालच्या कल्पनेवर उभी आहे: फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल खरवडलं की त्यात राळ (रेझिन) घट्ट पकड घेते. आज ३५ ते ३७ टक्क्यांचं आम्ल एनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटीनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. डेंटीनमधलं खनिज निघून गेलं की कोलॅजनचं जाळं पाण्यात तरंगत उरतं. ते हवेने कडक सुकवलं तर पाण्याबाहेर काढलेल्या शेवाळासारखं चपटं बसतं, राळ आत शिरत नाही आणि नळ्या उघड्याच राहतात. भरणी 'छान दिसते' पण दात सळसळतच राहतो, त्याचं एक मोठं कारण हे. म्हणून पृष्ठभाग किंचित ओलसर ठेवतात आणि लाळ येऊ नये म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणलेला रबरी पडदा, लावतात. बाँड (चिकटवणारी पातळ राळ) लावून कंपोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या राळेच्या भरणीचे, दोन-दोन मिलिमीटरचे थर निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. पल्प अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जवळ असेल तर आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप आणि त्यावर ग्लास आयोनोमर हे दंतसिमेंट.

इथे लवंगेच्या तेलाबद्दल सांगायलाच हवं. त्यातलं युजेनॉल ठणका तात्पुरता कमी करतं, पण तेच युजेनॉल कंपोझिटची राळ घट्ट होऊ देत नाही. दवाखान्यात जायचंच आहे तर तुटलेल्या दातावर तेलाचा बोळा नको. मिश्री तर नकोच. तंबाखूने बधिरता येते, नळ्या बंद होत नाहीत. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवली तर ती जागा भाजते. आणि 'वरच्या दाताला हात लावला की डोळे जातात' ही भीती अजूनही अनेकांना खुर्चीपासून लांब ठेवते. दृष्टीची नस आणि वरच्या दातांची संवेदना नेणारी नस या पूर्ण वेगळ्या आहेत. उलट वरच्या दातात साचून राहिलेला पू हाच चेहऱ्यावर, डोळ्याकडे पसरू शकतो.

दात भरला म्हणजे काम संपलं असं नाही. सहा ते आठ आठवड्यांनी आणि वर्षाने एक्स-रे व तपासणी, पल्प उघडा पडला होता तर तीन आणि सहा महिन्यांनीही. मार लागल्यानंतर पहिले तीन महिने थंडीच्या चाचणीला दात प्रतिसाद देत नाही असं होऊ शकतं. तेवढ्यावरून तो मेला असं ठरवून घाईने रूट कॅनाल करू नये, आणखी एखादी खूण दिसेपर्यंत लक्ष ठेवावं. त्या खुणा घरीही दिसतात: दात शेजाऱ्यापेक्षा करडा पडणं, चावताना दुखणं, मुळाजवळच्या हिरडीवर वारंवार येऊन फुटणारी पुटकुळी. यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जाताना अपघाताची तारीख, वेळ आणि जपून ठेवलेला तुकडा सोबत न्या.