जुनी व्हीआरएस विकायचीय? आधी रिपेअर करू का, आहे तशीच देऊ?

स्कोडाची १.८ टर्बोवाली पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस नाहीतर फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, असल्या जोरदार गाड्या घेऊन लोक आमच्या गॅरेजात येतात आणि म्हणतात, सगळं टकाटक करून द्या मग विकतो. आमचं उत्तर (धंद्याला मारक आहे, पण असो): सगळं करू नका. समजा दीड लाख घातले तर किंमत काही दीड लाखाने वाढत नाही, कारण असली गाडी घेणारा शौकीन असतो, त्याचा मेकॅनिक ठरलेला असतो आणि टर्बो कुठला बसवायचा हेही त्यालाच ठरवायचं असतं.

टेस्ट ड्राइव्हमध्ये जे नडतं ते मात्र नक्की करा. १.८ टर्बोत इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी) गेली की गाडी झटके मारते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि समोरच्याला वाटतं इंजिनच गेलं, खरं तर काम अगदी थोडक्यात होण्यासारखं. खड्ड्यात खडखड करणारे लिंक रॉड, बुश हे सस्पेन्शनचे पार्ट पण तसेच. ब्रेक आणि टायर तर करायचेच, त्यावर चर्चाच नको. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल शोधून ठेवा, नाहीतर घेणारा तो बदललेलाच नाही असं धरून पैसे कापणार.

पोलो जीटीच्या ७ गिअरच्या डीएसजीत (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट, गेलं असेल तर खर्च मोठा. तेव्हा रिपेअर न करता स्कॅन रिपोर्ट आणि लेखी इस्टिमेट घ्या, तेच दाखवून भाव कमी करा. गाडी जागची हलतच नसेल तर गोष्ट वेगळी, लोक भंगाराच्या भावात मागतात, मग बसून हिशोब करू.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसून द्या असं सांगू नका, आम्ही देत नाही. आणि स्कॅनर लावला की नुकतेच पुसलेत हे कळतंच.

फुल पेंट तर नकोच. आमच्या एका गिऱ्हाइकाने पार्किंगमध्ये घासलेलं दार दुसरीकडून रंगवून आणलं, घेणाऱ्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं, अपघात झाकलाय म्हणाला आणि सौदा तिथेच फिसकटला.

गाडीला १५ वर्षं झाली असतील तर आरसी रिन्यू केलीय का, पर्यावरण कर भरलाय का बघा. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, तोही उतरवा. गाडी नावावर करून द्यायचे फॉर्म २९, ३० विकताना लागतील.

तपासणीला येताना गाडी आदल्या संध्याकाळीच लावून जा, रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी आम्हीच चालू करणार, धूर कुठल्या रंगाचा निघतो ते तेव्हाच दिसतं.