२००३-०४ ची रेषा: रणजीपटूंच्या निवृत्तीची पार्श्वभूमी

देशांतर्गत क्रिकेट खेळून थांबलेल्यांच्या निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की चर्चा एकाच हंगामापाशी अडते: २००३-०४. त्या हंगामाच्या अखेरीपर्यंत निवृत्त झालेल्या आणि किमान २५ प्रथम श्रेणी (रणजीसारखे अनेक दिवसांचे) सामने खेळलेल्या खेळाडूला भारतीय क्रिकेट नियामक मंडळ दरमहा निवृत्तिवेतन देते. त्यानंतर थांबलेल्याला ते मिळत नाही, मग त्याच्या नावावर शंभर सामने का असेनात. कसोटीपटूंचे निकष वेगळे आहेत; प्रश्न आहे तो रणजीपुरताच राहिलेल्यांचा.

त्याआधीचा रणजीपटू मुळात नोकरदार होता. मुंबईत बँका, कापड गिरण्या, रेल्वे, टाटांच्या कंपन्या खेळाडूंना नोकरीवर घेत आणि टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या संघांच्या स्पर्धेसाठी संघ बांधत. सामन्याचे मानधन किरकोळ असे, घर पगारावर चाले. पस्तिशीच्या आसपास मैदान सुटले तरी टेबल सुटत नसे. उरलेली वीस-पंचवीस वर्षे तिथेच जात. कसोटीपटूंसाठी बेनिफिट सामने, म्हणजे खेळाडूच्या मदतीसाठी भरवलेले सामने होते, १९८१ पासून शारजातल्या सामन्यांतून माजी खेळाडूंना थैल्याही मिळू लागल्या. रणजीपटूपर्यंत त्यातले फारसे काही पोहोचले नाही. चांगल्या फॉर्मात थांबावे, याचा दाखला म्हणून मुंबईच्या एका सलामीवीराचे नाव आजही घेतले जाते. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्यावर खांद्याच्या दुखापतीमुळे तो पुन्हा कसोटी खेळला नाही. मात्र त्याच्या घरचा गिरण्यांचा व्यवसाय होता, हे सांगायचे राहून जाते.

नव्या शतकाच्या सुरुवातीला दूरचित्रवाणीचा पैसा वाढला आणि मंडळाने स्थूल उत्पन्नातला २६ टक्के वाटा खेळाडूंना देण्याचे सूत्र स्वीकारले. त्यातला एक भाग देशांतर्गत खेळाडूंसाठी होता. रणजीचे मानधन हजारांतून लाखांकडे निघाले. २००३-०४ च्या रेषेचे समर्थन यातूनच केले जाते: ज्यांना या वाट्यातून काही मिळाले नाही त्यांना निवृत्तिवेतन, ज्यांना मिळाले त्यांनी स्वतःची तजवीज करावी.

तर्क ऐकायला बरा आहे, पण रेषा आखली ती निवृत्तीच्या तारखेवर. पैसा कोणी किती वर्षे घेतला, हे कुठे मोजलेच गेले नाही. १९९० मध्ये पदार्पण करून २००५ मध्ये थांबलेल्या खेळाडूची चौदा वर्षे जुन्या मानधनावर गेली, नव्या पैशाचा एखादा हंगाम त्याच्या वाट्याला आला. तरी तो रेषेपलीकडचा. त्याच्याच बरोबरीने पदार्पण केलेला, सामनेही तेवढेच खेळलेला सहकारी २००४ च्या मार्चमध्ये थांबला असेल, तर त्याला आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. नवख्या पोरांच्या संघाला अनुभवी माणूस हवा म्हणून आणखी दोन हंगाम ओढणाऱ्याचा त्यात तोटाच झाला. निर्णय घेताना त्याला हे ठाऊक असणेही शक्य नव्हते. प्रत्येक हंगामाचे मानधन मोजून हक्क ठरवता आला असता. सामन्यांच्या नोंदी मंडळाकडेच आहेत. सोपी तारीख निवडली गेली आणि अन्याय तिथे झाला.

पुढेही हीच रेषा वापरली गेली. २०१२ मध्ये सुमारे १६० माजी खेळाडूंना मिळून ७० कोटींहून अधिक रुपयांचे एकरकमी अनुदान वाटले गेले, तेव्हाही ती होती. जून २०२२ मध्ये निवृत्तिवेतन वाढले: पंधरा हजार घेणाऱ्या रणजीपटूंना तीस हजार, साडेबावीस हजारवाल्यांना पंचेचाळीस हजार. साधारण नऊशे जणांना लाभ झाला. रेषा जागेवरच राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका माजी कसोटी फलंदाजाने आपले संपूर्ण घर तीस हजारांच्या निवृत्तिवेतनावर चालते, असे जाहीरपणे सांगितले आणि काम मागितले. कसोटी खेळलेल्याची ही स्थिती, तर साठ रणजी सामने खेळून २००६ मध्ये थांबलेल्याचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये माजी खेळाडूंची संघटना उभी राहिली. २५ सामन्यांची अट १० वर आणा, ही तिची मागणी आहे.

दरम्यान निवृत्तीला दुसरी एक अट चिकटली. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर जगभर लीग निघाल्या. भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी लीगमध्ये खेळायचे तर भारतातले सगळे क्रिकेट, आयपीएलसकट, सोडावे लागते. १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा एक कर्णधार २०२१ मध्ये अवघ्या २८ व्या वर्षी निवृत्त होऊन अमेरिकेला गेला. ब्रिस्बेनच्या कसोटीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडणाऱ्या ऑफस्पिनरने ऑगस्ट २०२५ मध्ये आयपीएलही सोडली आणि इतर लीगकडे वळत असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये तर अशा निवृत्तीनंतर वर्षभर थांबायला लावण्याचा विचारही मंडळात झाला.

आयपीएलमध्ये ज्याला कोणी घेत नाही, अशा तिशीतल्या रणजीपटूला ही अट सर्वांत जड जाते. २०२१ च्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला रणजीत दिवसाला ६०,००० रुपये, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याला २ लाख ४० हजार मिळतात. परदेशातल्या एका हंगामाच्या करारासाठी त्याला हे कायमचे सोडावे लागते. निवृत्तिवेतन तर त्याला दोन्हीकडून नाहीच.