तलफ जागेला चिकटलेली असते

इमारतीत ओढू नका हे ठीक, पण मोकळ्या मैदानात झाडाखाली एकट्यानं उभं राहून कुणी सिगारेट ओढली तर बिघडलं कुणाचं? अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांनी आपलं सगळं आवारच तंबाखूमुक्त केल्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी माणसं समंजस असतात आणि प्रश्नही रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. ते हवेत शोधतात, आणि ते आहे मेंदूत.

आयोवा राज्याच्या २००८ च्या कायद्यानं कॉलेजांच्या मोकळ्या आवारातही धूम्रपान बंद केलं. आर्कान्सासमध्ये सरकारी कॉलेजांसाठी अशी बंदी २०१० मध्ये आली, इलिनॉयमध्ये २०१५ मध्ये. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०१४ पासून आपल्या दहाही कॅम्पसवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं तेच केलं. कॅलिफोर्नियाच्या या नियमांत सिगारेटबरोबर चघळायचा तंबाखू आणि ई-सिगारेटही येतात. आता चघळण्यात धूर कुठला? म्हणजे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात शेजाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या धुरापलीकडचंही काही असणार.

हवेचा हिशेब आधी उरकून घेऊ. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये उघड्यावरच्या सिगारेटच्या धुराची मोजमापं प्रसिद्ध केली. पेटलेल्या सिगारेटपासून दोन फुटांच्या आत, वारा तुमच्या दिशेनं असताना बसलात, तर सूक्ष्म कणांचं प्रमाण बंद खोलीतल्याइतकं होऊ शकतं. सहा फुटांपलीकडे ते झपाट्यानं घसरतं आणि सिगारेट विझली की लगेच संपतं. इमारतीच्या दाराशी घोळका करून ओढणाऱ्यांमधून वाट काढणाऱ्याला हा धूर नक्की बाधतो, पण दूर झाडाखालच्या एकट्याचा धूर इतरांपर्यंत फारसा पोचत नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. थोटकांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगात एक लिटर पाण्यात एका थोटकाचा अर्क उतरला, तर त्यातले निम्मे मासे चार दिवसांत मेले. पण बंदीचं मुख्य कारण तेही नाही.

मुख्य कारण वयात आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या अहवालात नोंद आहे की रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी ८८ टक्क्यांनी पहिली सिगारेट अठरा वर्षांच्या आत ओढलेली असते आणि ९९ टक्क्यांनी सव्विसाव्या वर्षापर्यंत. सव्विशी तंबाखूविना ओलांडणारा माणूस पुढे सहसा त्या वाटेला जातच नाही. अधूनमधून ओढणारा रोज ओढणारा होतो तो बहुधा याच दरम्यान, म्हणजे नेमका कॉलेजच्या वर्षांत. तेव्हा मेंदूत काय घडतं, ते आता जरा सावकाश पाहू. मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच वाटतो.

निकोटीन तंबाखूतून शुद्ध रूपात वेगळं झालं १८२८ मध्ये, हायडेलबर्ग विद्यापीठात. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटीनचे प्रयोग केले. स्नायूला जाणारी नस कापून ती पूर्ण निकामी झाल्यावरही निकोटीन लावलं की स्नायू आकसत होता. म्हणजे निकोटीन नसेवर काम करत नव्हतं, स्नायूच्या अंगातच त्याला ओळखणारं काहीतरी होतं. लँग्लींनी त्याला ‘ग्रहण करणारा पदार्थ’ म्हटलं. आज औषधशास्त्राचा पायाच असलेली रिसेप्टरची कल्पना ज्या मोजक्या प्रयोगांतून उभी राहिली, त्यांत निकोटीनचा हा प्रयोग आहे.

हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेलं, पाच प्रथिनांचं एक कडं. मध्ये भोक, आणि ते एरवी बंद. शेजारच्या चेतापेशीकडून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा रेणू येऊन कड्याला चिकटला की कडं किंचित पिळतं, भोक उघडतं, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात आणि पेशी उत्तेजित होते. लगोलग एक विकर (एन्झाइम) अ‍ॅसिटिलकोलीनचे तुकडे करून टाकतं आणि दार मिटतं. सगळा खेळ हजारांश सेकंदांचा. आकार आणि विद्युतभार जुळत असल्यामुळे निकोटीन त्याच खाचेत बसतं. फरक एवढाच की त्या विकराला निकोटीन तोडता येत नाही. ते काम यकृताचं, आणि रक्तातलं निकोटीन निम्मं व्हायलाच सुमारे दोन तास लागतात. घंटेचं बटण कुणी दोन-तीन तास दाबून धरलं तर काय होईल? रिसेप्टर थोडा वेळ उघडतो आणि मग बधिर होतो. निकोटीन चिकटलेलंच असतं, पण दार उघडत नाही.

आता खरी गंमत. एखादं औषध रिसेप्टरला सतत डिवचत राहिलं तर पेशी सहसा त्या रिसेप्टरची संख्या कमी करते. इथे उलटं होतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत हे रिसेप्टर जास्त सापडले. कारण बरंच नंतर उलगडलं. अ‍ॅसिटिलकोलीनच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते पेशीच्या तेलकट आवरणातून आत शिरू शकत नाही. निकोटीनचे काही रेणू कोणत्याही क्षणी भाराविना असतात आणि असे रेणू सरळ आत घुसतात. पेशीच्या आत, जिथे ही पाच प्रथिनं जुळवून कडं तयार होत असतं, त्या कारखान्यातच निकोटीन जाऊन बसतं आणि जुळणीला मदत करतं. कॅल्टेक या अमेरिकी विज्ञानसंस्थेतल्या हेन्री लेस्टर यांच्या प्रयोगशाळेनं हे तपशिलात दाखवलं. निकोटीन दार उघडतं, दार बधिर करतं आणि वर नवीन दारं बसवायलाही हातभार लावतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

किती निकोटीन पुरतं? लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २००६ मध्ये पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूतले रिसेप्टर दाखवणारं चित्रण, वापरून हे मोजलं गेलं. मेंदूतल्या ‘अल्फा-४ बीटा-२’ या सर्वांत संवेदनशील प्रकारातले निम्मे रिसेप्टर भरायला एक-दोन झुरके पुरले, आणि ते तीन तास भरलेले राहिले. अख्ख्या सिगारेटनं ८८ टक्क्यांहून जास्त भरले. म्हणजे दिवसभर ओढणाऱ्याच्या मेंदूतले हे रिसेप्टर दिवसभर जवळजवळ पूर्ण व्यापलेले असतात. रात्रीच्या झोपेत ते मोकळे होतात, बधिरपणा उतरतो, आणि सकाळी मेंदूत नेहमीपेक्षा जास्त संख्येनं जागे रिसेप्टर रिकामे उभे असतात. सकाळच्या पहिल्या सिगारेटला जी वेगळी चव लागते, ती या रिकाम्या कड्यांची.

‘परीक्षेच्या ताणात सिगारेटनं डोकं शांत होतं’ ही समजूतही इथेच सुटते. ज्या अस्वस्थतेवर सिगारेट उतारा वाटते, तिच्यातला मोठा वाटा आधीची सिगारेट उतरल्याचाच असतो. आणि आठवड्याभरात शरीरातून निकोटीन धुऊन काढण्याच्या जाहिराती करणारे काढे आणि चहा, यांच्यावर कृपया पैसे घालवू नका. निरोगी यकृत निकोटीनचा निकाल दोन-तीन दिवसांत फुकट लावतं. वाढलेले रिसेप्टर पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि ते काम कोणत्याही काढ्यानं लवकर होत असल्याचा पुरावा नाही. ई-सिगारेटमधून निव्वळ पाण्याची वाफ येते, हेही खोटं. ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे सूक्ष्म थेंब असतात, त्यांत बहुधा निकोटीन असतं, आणि रिसेप्टरला ते धुरातून आलं की थेंबातून याच्याशी कर्तव्य नसतं. धूर नसलेला तंबाखूही बंदीत का येतो, त्याचं उत्तर हेच.

पण रिसेप्टर बारा आठवड्यांत ताळ्यावर येत असतील तर सोडलेली सिगारेट वर्षांनंतर पुन्हा का सुरू होते? कारण शरीराची ओढ संपली तरी शिकलेलं पुसलं जात नाही. मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला डोपामिन सोडणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे. त्यांच्यावर एक लगाम असतो आणि एक चाबूक, म्हणजे आवरणाऱ्या पेशी आणि चेतवणाऱ्या पेशी. लगामाच्या पेशींवर अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टर असतात, ते निकोटीननं लवकर बधिर होतात. चाबकाच्या टोकांवर अल्फा-७ जातीचे असतात, ते सिगारेटमधून मिळणाऱ्या मात्रेला तितके बधिर होत नाहीत. लगाम ढिला आणि चाबूक चालू, त्यामुळे डोपामिनची धार निकोटीनच्या पहिल्या धक्क्यानंतरही बराच वेळ चालू राहते.

डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन असं सगळीकडे लिहिलं जातं. ते अपुरं आहे. मेंदूसंशोधक वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक खूण दाखवून मग फळांचा रस दिला जाई. सुरुवातीला डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर धडधडत. सराव झाल्यावर त्या खूण दिसताक्षणीच धडधडू लागल्या आणि रसाच्या वेळी गप्प राहू लागल्या. डोपामिन मेंदूला शिकवतं की सुखाची वर्दी कोण देतं. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. इतक्या पटकन मिळणाऱ्या बक्षिसाची खूण मेंदू फार घट्ट लक्षात ठेवतो, आणि एका सिगारेटमध्ये साधारण दहा झुरके असतात. ग्रंथालयाची मागची पायरी, तास संपल्यावरचा कठडा, एकत्र उभे राहणारे ठरावीक मित्र, या सगळ्या खुणा होतात. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या सिंथिया कॉन्क्लिन यांनी धूम्रपान करणाऱ्यांना नुसत्या जागांची छायाचित्रं दाखवली. त्यांत ना सिगारेट होती, ना माणूस. तरीही ज्या प्रकारच्या जागी ओढलं जातं, तिचं चित्र पाहून तलफ वाढली.

व्हिएतनाम युद्धाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे बरेच अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग काढला, तेव्हा मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात व्यसनाधीन सैनिकांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा त्यात अडकल्याचं दिसलं. यामागे स्वस्त हेरॉइन आणि युद्धाची भीती मागे राहणं ही कारणंही होती. तरी जागा, सोबत आणि दिनक्रम हे सगळं एकदम बदलण्याचा वाटा त्यात मोठा मानला जातो.

या नजरेनं तंबाखूमुक्त आवाराकडे पाहा. विशीतल्या मेंदूत खुणांशी सुखाची गाठ बांधणारी यंत्रणा पूर्ण जोमात असते आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्या चार वर्षांत राहण्याची, शिकण्याची आणि मैत्रीची जागा एकच असते. तिथे रोज ओढणं सुरू झालं तर सगळं आवारच खूण होऊन बसतं. तिथे ओढताच आलं नाही, तर त्या पायऱ्यांशी आणि त्या कठड्याशी निकोटीनची गाठ पडतच नाही. काही कॉलेजं बंदीऐवजी ‘धूम्रपानासाठी राखीव कोपरा’ देतात, तो म्हणूनच मला सर्वांत वाईट उपाय वाटतो. हवेच्या दृष्टीनं तो बरा असेल. पण सगळ्या खुणा, सगळे सोबती आणि सगळी ओळखपाळख एका चौथऱ्यावर गोळा करून ठेवणं म्हणजे नवख्या विद्यार्थ्यासाठी तलफेचा वर्गच भरवणं.

प्रत्यक्षात फरक पडतो का? इंडियाना राज्यातल्या दोन सरकारी विद्यापीठांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. इंडियाना युनिव्हर्सिटीत २००८ मध्ये संपूर्ण आवारात बंदी आली, पर्ड्यूत तशी नव्हती. २००७ ते २००९ दरम्यान पहिल्या ठिकाणी ओढणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १६.५ वरून १२.८ टक्क्यांवर आलं, दुसऱ्या ठिकाणी ९.५ वरून १०.१ झालं. दोनच विद्यापीठं, आणि कुठे बंदी घालायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे यावरून अंतिम निकाल देता येत नाही. पण दिशा अपेक्षित तीच आहे.

नियम मोडणारेही असतात. आवाराच्या कडेला, फुटपाथवर घोळका सरकतो, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. दंडापेक्षा समजावण्यावर भर देणाऱ्या विद्यापीठांत तर नियम पाळणं बरंचसं मर्जीवर राहतं.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि तीही मेंदूच्या याच यंत्रणेतून येते. खुणेमागून बक्षीस येणं थांबलं की तिचा जोर उतरतो, पण जुनी गाठ सुटत नाही. मेंदू तिच्यावर नवा धडा चढवतो, आणि हा धडा ज्या जागी शिकला त्या जागेपुरताच पक्का असतो. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून हे दाखवलं आहे. एका पिंजऱ्यात विझलेली सवय पिंजरा बदलताच उसळून येते. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर आवारात सिगारेटविना काढलेला विद्यार्थी सुट्टीत आपल्या जुन्या खोलीत, जुन्या मित्रांत परतला की तिथली तलफ त्याला जशीच्या तशी भेटणार. त्वचेवर चिकटवायचे निकोटीनचे पॅच आणि सिगारेट सोडवायला दिलं जाणारं व्हॅरेनिक्लिन यांसारखी औषधं मदत करतात, पण ती द्यायची तर सत्राच्या सुरुवातीलाच जोर लावून भागत नाही. विद्यापीठांच्या आरोग्य केंद्रांचा जोर सुट्टी लागण्याच्या आदल्या आठवड्यात हवा. सामान बांधणाऱ्या मुलाच्या हातात पॅचची पाकिटं द्यायची आणि घरच्या कोणत्या तीन जागी त्याला ओढावंसं वाटेल, हे त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्यायचं.