गाडी कुठे आहे हे कॉम्प्युटरला कसं कळायला लागलं

मॉडेल रेल्वे कॉम्प्युटरवर चालवायची म्हटलं की बहुतेकांना वाटतं, इंजिनाला हुकूम कसा द्यायचा हेच अवघड असणार. मला तसं वाटत नाही. हुकमाचा प्रश्न बऱ्यापैकी लवकर सुटला, पण गाडी आत्ता नेमकी कुठे आहे हे मशीनला कळणं यासाठी लोकांनी कितीतरी जास्त डोकं घातलंय.

आधी सगळं साधं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, होतं. रुळात जितका व्होल्टेज तितका वेग, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही बरोबरच पळणार. म्हणून लेआउटचे, म्हणजे मांडलेल्या रुळांचे, विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे म्हणजे ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकला वेगळा स्विच, आणि गाडी पुढे सरकली की आपला कंट्रोलर हाताने पुढच्या ब्लॉकला जोडायचा. हे माणसाऐवजी रिलेने, म्हणजे विजेवर आपोआप चालणाऱ्या स्विचने, केलं तर? खऱ्या रेल्वेत याचं उत्तर तयार होतंच. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं होतं: रुळांतून थोडा करंट सोडून ठेवायचा, गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेपर्यंत करंट पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल.

अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या मॉडेल रेल्वे क्लबच्या मुलांनी टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि क्रॉसबार स्विच वापरून लेआउटच्या खाली अख्खी कंट्रोल सिस्टीम उभी केली. कुठला कंट्रोलर कुठल्या ब्लॉकला जोडायचा हे ती ठरवायची. कॉम्प्युटर नव्हता, पण लॉजिक तेच होतं, आणि पुढे पीडीपी-१ या जुन्या कॉम्प्युटरवर स्पेसवॉर हा गेम लिहिणाऱ्यांत याच क्लबची मुलं होती हे मला अजिबात योगायोग वाटत नाही.

प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकात सुरू झाले. जनरल इलेक्ट्रिकच्या अॅस्ट्रॅक या सिस्टीममध्ये पाच चॅनल होते. १९७९ मध्ये हॉर्नबीच्या झीरो-१ ने १६ इंजिनं सांभाळली, १९८५ मध्ये मार्कलिन डिजिटल आलं, ८० पत्ते (म्हणजे इंजिनं ओळखायचे आकडे), आणि सिरियल केबलने घरचा कॉम्प्युटर जोडायची सोयही लवकरच आली. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस चब यांनी सी/एमआरआय हे कॉम्प्युटर लेआउटला जोडायचं तंत्र मांडलं. ते इंजिनांपेक्षा ब्लॉक, सांधे आणि सिग्नल यांवर लक्ष देणारं होतं, आणि माझ्या मते खरी दिशा तीच होती.

मग डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारित हे स्टँडर्ड अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९४ मध्ये स्वीकारलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं एका रुळावर चालायला लागली. यात वीज आणि निरोप एकाच लाटेतून जातात. लाटेचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंद टिकला तर तो १, साधारण १०० किंवा जास्त टिकला तर ०. प्रत्येक निरोपाच्या, म्हणजे पॅकेटच्या, शेवटी तपासणीचा बाइट असतो, तो जुळला नाही तर इंजिनातला हुकूम वाचणारा डिकोडर ते पॅकेट सोडून देतो, आणि धूळ असलेल्या रुळावर निरोप हुकतातच म्हणून हुकूम पाठवणारं यंत्र, म्हणजे कमांड स्टेशन, ते पुन्हापुन्हा पाठवत राहतं.

पण हे सगळं एकतर्फी, इंजिनाने ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून ब्लॉकमध्ये करंट जातोय का ते बघणारे डिटेक्टर आणि मार्कलिनच्या एस८८ सारखे, ती खबर कॉम्प्युटरला देणारे फीडबॅक मॉड्यूल लागतात. त्यातली एक बारीक गोष्ट सांगतो, इंजिनाची मोटर करंट घेते म्हणून ते दिसतं, डबे घेत नाहीत. जोडणी सुटून शेवटचा डबा मागे राहिला तर कॉम्प्युटर ब्लॉक रिकामा समजून पुढची गाडी खुशाल आत सोडतो. म्हणून डब्याच्या आसाला काही किलोओहमचा छोटा रेझिस्टर लावतात, मग डबाही दिसतो.

सॉफ्टवेअरने यावर पुढचं काम केलं. ट्रेनकंट्रोलर, रॉकरेल, जेएमआरआय, यांतली बरीच कामं सेन्सरच्या भरवशावर चालतात. दोन सेन्सरमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून प्रत्येक इंजिनाचा खरा वेग मोजून ठेवायचा, मग प्लॅटफॉर्मवर ठरल्या जागी थांबायला ब्रेक कधी लावायचा ते हिशेबाने काढता येतं. जेएमआरआय तर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि ते सुरू करणारे बॉब जेकबसेन यांनी दुसऱ्याने लायसन्सच्या अटी मोडल्याबद्दल लढलेल्या केसमध्ये २००८ साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं की अशा अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. फुकट वाटलेल्या कोडलाही कायद्याचा आधार मिळाला, तोही छोट्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरमुळे, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

इंजिनाने उलट बोलायची सोय लेन्झच्याच रेलकॉमने आणली. डीसीसी सिग्नलमध्ये क्षणभर गॅप सोडतात, तेवढ्यात डिकोडर आपला पत्ता सांगतो. साधा डिटेक्टर ब्लॉक भरलाय एवढंच सांगायचा, आता कुठलं इंजिन तेही कळतं. डब्यांत सहसा डिकोडर नसतो, त्यांना रेझिस्टर अजूनही लावावा लागतोच.