कळ येते ती हार्मोन ओसरल्यावर

पाळीत पोट दुखलं की ‘हार्मोन्स बिघडलेत’ असं सहज म्हटलं जातं. बहुतेक मुलींच्या बाबतीत प्रकार उलटा असतो. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं पुष्कळदा स्त्रीबीज बाहेर न पडताच पाळी येते, आणि अशा पाळ्या फारशा दुखत नाहीत. कळांचा त्रास सुरू होतो तो बीज नियमित सुटू लागल्यावर, म्हणजे चक्र बसल्यावर.

बीज सुटलं की बीजांडकोशात मागे राहिलेली पुटिका (बीज जिच्यात वाढलं ती पिशवी) प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार करते. ते आहे तोवर गर्भाशयाचं अस्तर टिकून असतं आणि स्नायू निवांत असतो. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत ही पुटिका सुकते, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं भराभर बनू लागतात. कळ आणतात ती हीच. गर्भाशय म्हणजे स्नायूची पिशवी. ती त्यांच्यामुळे आवळली जाते. तीव्र कळांच्या वेळी आतला दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्याही वर गेल्याचं मोजलं गेलंय, म्हणजे धमन्यांतल्या नेहमीच्या रक्तदाबापेक्षा जास्त. तेवढा वेळ स्नायूला रक्त पुरत नाही आणि तो ठणकतो. हृदयाला रक्त कमी पडल्यावर छातीत जी कळ येते, तिच्याच जातकुळीतली ही. ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं. त्याच दिवसांत मळमळ आणि जुलाब होतात, तीही याच रसायनांची करामत.

गंमत म्हणजे १९३५ साली स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी या रसायनांना प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिलं, ते ती पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतात असं वाटल्यामुळे! पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी ॲस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखतं, हे दाखवून दिलं. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकांचंही काम तेच. पण बनून गेलेल्या प्रोस्टाग्लँडिनचं या गोळ्यांना फारसं काही करता येत नाही. म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. गर्भनिरोधक गोळ्यांनी बीज सुटणं थांबतं, अस्तर पातळ राहतं आणि कळाही कमी होतात.

एंडोमेट्रिऑसिसचं दुखणं वेगळं. त्यात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात आणि स्वतःच इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवतात. त्याने प्रोस्टाग्लँडिन वाढतं, आणि वाढलेलं प्रोस्टाग्लँडिन पुन्हा इस्ट्रोजेन वाढवतं. पूर्वी न दुखणारी पाळी अचानक दुखू लागली, दुखणं दरवेळी वाढत गेलं किंवा पाळी संपल्यावरही राहिलं, तर नुसत्या गोळ्यांवर दिवस न काढता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.